लवकर, लहान आणि लख्ख

"किती टक्के झाले रे?" जमुनाकाकीने दारातूनच विचारलं.

"नऊ," भाविक म्हणाला.

"मघाशी पण नऊच होते."

"मघाशी आठ होते, काकी. नऊ आत्ता झाले."

"तासाला एक टक्का? अरे, यापेक्षा माझी सासू लवकर चालायची, नि तिचे दोन्ही गुडघे गेलेले!"

भाविक लॅपटॉपच्या पडद्यावरच्या निळ्या पट्टीकडे बघत बसला. पट्टी पुढे सरकत होती, असं लॅपटॉपचं म्हणणं होतं. डोळ्यांना ते पटत नव्हतं.

जमुनाकाकीच्या कल्पिताचं लग्न होऊन पाच दिवस झाले होते. आज ती पाचपरतावणाला चिंचणीहून सासरच्या मंडळींसकट आगरला यायची होती. मांडव अजून उतरवला नव्हता. संध्याकाळी सात वाजता त्याच मांडवात मोठ्या पडद्यावर लग्नाचा व्हिडिओ दाखवायचा, असं काकीने ठरवलं होतं. नुसतं ठरवलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण डहाणूच्या बाजारात मासळी विकून तिचा आवाज असा तयार झाला होता की तिने विहीणबाईंना फोनवर सांगितलेली गोष्ट अर्ध्या गावाने ऐकली होती. "माझ्या साडीच्या काठातला दोरा न् दोरा दिसंल, विहीणबाई! तुमचा पण दिसंल!"

भाविक हा शेजारच्या नारू तांडेलांचा एकुलता एक मुलगा. बोट हाकणाऱ्या तांडेलाच्या घरात जन्म घेऊनही त्याला बोट लागत असे. समुद्र खवळलेला असो, शांत असो, की बोट धक्क्याला बांधून ठेवलेली असो, भाविकने फळीवर पाय ठेवला की सकाळचा चहा बाहेर. एकदा तो वडिलांना डबा द्यायला बोटीवर गेला आणि त्या डब्यातच काय ते करून परत आला. खलाशी पुढे आठवडाभर नारू तांडेलांना विचारत होते, "तांडेल, आज डबा नाय?"

म्हणून भाविकने कॅमेरा धरला. नारू तांडेलांच्या मते तो धंदाच नव्हता. "जाळं टाकलं तर मासा येतो. ह्या डबीतून काय येतं?" असं ते विचारत. शेवटी बापलेकात तह झाला होता. कल्पिताच्या लग्नाचा व्हिडिओ चांगला उतरला, गावाला पसंत पडला, तर कॅमेरा. नाही तर सोमवारी पहाटे बोट. आणि आज शनिवार होता.

त्यामुळे भाविकने यात काही कसर ठेवायची नाही असं ठरवलं होतं. काल व्हिडिओ तयार करायला लावताना सेटिंगच्या पानावर जिथे जिथे 'सर्वोत्तम' असं लिहिलं होतं, तिथे तिथे त्याने डोळे मिटून टिचकी मारली होती. चित्र सगळ्यात मोठं, रंग सगळ्यात खोल, दर्जा सगळ्यात वरचा. पुढे 'वेळ जास्त लागेल' अशी बारीक अक्षरात सूचना होती. चांगल्या गोष्टीला वेळ लागतोच, असं त्याने मनाशी म्हटलं.

लॅपटॉप जुना, तिसऱ्या हाताचा. एवढं जड चित्र त्याला नीट उघडतासुद्धा येत नसे. म्हणून भाविकने सगळ्या शूटिंगची आधी हलकी, धुरकट प्रत करून घेतली होती आणि कापाकापी सगळी तिच्यावरच केली होती. शेवटी लॅपटॉप आपण होऊन त्या धुरकट चित्रांच्या जागी मूळची लख्ख चित्रं बसवतो. बसवतो खरा, पण फळ्यावर सुविचार लिहिणाऱ्या मुलाच्या गतीने.

तेवढ्यात फोन वाजला. पडदेवाला रूपेश बोलत होता.

"भाविकभाय, कासाहून निघतोय. स्क्रीन टेम्पोत टाकला. फाईल केवढी हाय?"

"साठेक जीबी होईल."

"साठ?" रूपेश जरा थांबला. "भाय, माझा प्लेअर चारच्या वर खात नाय."

"चारशे?"

"चार."

फोन ठेवल्यावर भाविकने कपाळाला हात लावला. काकीने लगेच ओळखलं. गिऱ्हाइकाचा चेहरा वाचण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

"काय झालं?"

"काकी, व्हिडिओ लहान करायला लागेल."

"लहान म्हणजे? कोणाला काढायचं नाय हां! एक माणूस दिसलं नाय तर उद्या माझ्या दारात उभं राहील." मग जरा विचार करून ती म्हणाली, "पालघरची मावशी काढ. तिच्यानंच जड झालं असंल. किती खाल्लंन तिनं लग्नात."

"माणसांनी जड नाही होत गो." भाविकने तिला समजेल असं काहीतरी शोधलं. "हे बघ, बोंबील सुकवला की काय होतं?"

"हलका होतो. गोणीत मावतो."

"आणि चव?"

"चव राहते. पण सावकाश सुकवायला पायजे. घाई केली की कोळसा होतो नाय तर वास मारतो."

"तेच! हा व्हिडिओ चार जीबीत बसवायचा तर सुकवायला लागेल. सावकाश सुकवला तर चेहरे राहतील."

"मग सुकव ना! ऊन काय कमी हाय आज?"

"काकी, तीन गोष्टी असतात. लवकर, लहान नि लख्ख. तिन्ही एकदम मिळत नाहीत. त्यातल्या दोन घ्यायच्या, तिसरी सोडायची."

काकी कमरेवर हात ठेवून हसली. "मला नको शिकवू. गिऱ्हाईक पण येऊन तीनच मागतं. ताजं, मोठं नि स्वस्त. मी काय सांगते म्हायतंय?"

"काय?"

"तिन्ही हाय म्हणून सांगते नि पिशवीत घालते." आणि ती जेवणाची भांडी घासून घ्यायला निघून गेली.

भाविकने नऊ टक्क्यांवर पाणी सोडलं. नवीन सेटिंग लावली. चित्र मध्यम, फाईल चार जीबीच्या आत, आणि काम सावकाश, दोनदा तपासून. लॅपटॉपने हिशेब करून सांगितलं, पाच तास. घड्याळात एक वाजला होता. म्हणजे सहाला तयार. भाविकने देवाला हात जोडले.

पण वैशाखातलं आगर आणि तिसऱ्या हाताचा लॅपटॉप यांचं जमेना. अर्ध्या तासात त्याचा पंखा गिरणीसारखा घुरघुरू लागला. मग तापून तो मंदावला. पाच तासांतून अर्धा तास गेला तर साडेचार उरायला हवेत. पडद्यावर उरले होते सहा. थोड्या वेळाने सात. भाविक वर्तमानपत्राने वारा घालत होता. जितका वारा घाली तितका वेळ वाढत होता.

नारू तांडेल धक्क्यावरून परतले, तेव्हा मुलगा घामाघूम होऊन यंत्राला वारा घालतोय हे दृश्य त्यांना दिसलं.

"काय झालं ह्याला?"

"तापलाय, पप्पा. तापला की हळू चालतो."

तांडेलांनी लॅपटॉपच्या पाठीला हात लावून पाहिला. कॅमेऱ्याशी त्यांचं वैर होतं, पण एखादी वस्तू उन्हाने बिघडत असलेली बघत बसणं त्यांच्या रक्तात नव्हतं. "मासा तापला तर काय करतो आपण?"

"बर्फ."

"मग?"

दहा मिनिटांत बोटीवरचा थर्माकोलचा डबा आला. त्यात फोडलेला बर्फ, झाकण घट्ट, झाकणावर कोरडा टॉवेल, आणि टॉवेलवर लॅपटॉप. खोलीत पापलेटचा मंद सुवास पसरला, कारण कालपर्यंत त्या डब्यात पापलेट होते. पण काम झालं! पंखा निवला. सात तासांचे पाच झाले, पाचाचे तीन. तांडेलांनी मिशीवरून हात फिरवला.

"कॉलेजात हे शिकवत नाहीत वाटतं," ते म्हणाले आणि झोपायला गेले. जाता जाता त्यांनी विचारलं, "किती मोठा होतोय?"

"मध्यम. चेहरे सगळे स्वच्छ दिसतील."

"एवढे स्वच्छ कशाला? आगरची तोंडं काय बघण्यासारखी आहेत?"

साडेपाचला पट्टी ब्याऐंशी टक्क्यांवर होती. बाहेर रूपेशचा टेम्पो आला. पडदा कुठे लावायचा यावरून काकीचं आणि त्याचं वाजलं, म्हणून भाविक उठून मांडवात गेला. जेमतेम पाव तास गेला असेल. घरात खिडकी उघडी होती आणि पापलेटचा सुवास आतापर्यंत सगळ्या आळीत पोचला होता.

भाविक परत आला तेव्हा खोलीत तीन मांजरं होती. दोन डब्याच्या कडेला नखं मारत होती. तिसरी, काकीची पिवळी भाटी, सरळ कळफलकावर अंग दुमडून बसली होती. पोटाला ऊब, नाकाला पापलेट. मांजराच्या जन्माला येऊन आणखी काय मिळवायचं असतं! तिच्या पोटाखाली किती कळा दाबल्या गेल्या होत्या कोण जाणे. पडद्यावर मात्र दोनच शब्द होते. 'काम रद्द.'

भाविकच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून मांजरं खिडकीतून गेली आणि काकी दारातून आली.

"झालं?"

"झालं."

"तयार झालं?"

"नाही, काकी. जे झालं होतं ते गेलं. तुझ्या भाटीनं बंद केलं."

काकी मटकन पाटावर बसली. "मी विहिणीला दोऱ्याचं सांगितलंय रे, भाविक."

"सव्वा तासात बसवायचं तर एकच रस्ता आहे. सगळ्यात जलद सेटिंग. लवकर होईल, लहान होईल. लख्ख नाही होणार."

"कमीत कमी माणूस तरी दिसंल ना?"

"माणूस आहे एवढं कळेल," भाविक म्हणाला. आणि त्याने डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढे सोमवारची बोट डुलत होती.

सात वाजता मांडव गच्च भरला होता. विहीणबाई पहिल्या खुर्चीत, शेजारी कल्पिता आणि जावई. नारू तांडेल एका कडेला, हाताची घडी घालून. रूपेशने पेनड्राइव्ह खुपसला. भाविक स्पीकरच्या मागे जाऊन उभा राहिला, म्हणजे पळायचं झालं तर रस्ता जवळ.

सुरुवात बरी झाली. जी माणसं स्वस्थ बसली होती, ती ओळखू येत होती. हलली की मात्र विरघळत. भटजी मंत्र म्हणेपर्यंत भटजी होते. अक्षता टाकायला उठले तसे त्यांचे चौकोन चौकोन झाले. अंतरपाट दूर झाला आणि फुलं उधळली गेली, तेव्हा तर वधू, वर आणि मामा यांचं मिळून एक पिठलं झालं.

"भाविकदादा," कल्पिताने हळूच मागे वळून विचारलं, "यात माझा नवरा कुठला?"

भाविक स्पीकरमागे आणखी खाली बसला. आता हळद येणार होती आणि हळदीतच खरी परीक्षा होती. हौस म्हणून दोन्ही घरांनी एकाच मांडवात हळद केली होती. आगरच्या आणि चिंचणीच्या मिळून चाळीसेक बायकांनी एकाच रंगाच्या पोपटी साड्या नेसल्या होत्या, आणि हळदीच्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांच्या डोळ्यांवर काळे चष्मे होते. त्या रात्री भाविक घरात चुडा भरण्याचं शूटिंग करत होता. अंगणातला नाच त्याच्या मित्राने, मनिषने टिपला होता.

पडद्यावर हळद सुरू झाली. चाळीस पोपटी साड्या एकदम हलल्या आणि त्यांचा एक मोठा हिरवा चिखल झाला. त्या चिखलात इकडे तिकडे काळे ठिपके नाचत होते. ते चष्मे. मधोमध एक हिरवी आकृती मात्र बेभान नाचत होती. कंबर अशी लवत होती, हात असे फिरत होते, की चिखलातूनही ते नाचणं लपत नव्हतं. तोंडाच्या जागी नुसता गव्हाळ डाग होता.

भाविकने पळण्यासाठी चप्पल पायात घातली.

"अगो बाय!" विहीणबाई ताडकन उठल्या. "मधली मीच की! काय नाचते मी!"

"तुम्ही कशा?" जमुनाकाकी उसळली. "कंबर बघा ना! माझी हाय ती!"

"मी मी!" मागून पालघरची मावशी ओरडली. "मी मधीच होते!"

"परत लाव रे!" चारी बाजूंनी आवाज उठला. रूपेशने परत लावलं. पुन्हा जिने तिने स्वतःला ओळखलं. तिसऱ्यांदा लावलं. चौथ्यांदा लोकांनी शिट्ट्या मारल्या. कोणाच्याच तोंडावर सुरकुती नव्हती, कोणाचाच दात पडलेला दिसत नव्हता. प्रत्येकीला आपण वीस वर्षांनी लहान झाल्यासारखं वाटत होतं आणि प्रत्येकीचा नवरा तिच्याकडे जरा नव्याने बघत होता. दोऱ्याचं कोणाला आठवलंसुद्धा नाही.

"ही खास क्वालिटी हाय," काकी विहीणबाईंना सांगत होती. "सकाळपासून तयार करतोय पोरगा. बर्फ लागतो हिला."

"माझ्या धाकट्याच्या लग्नाला असंच पायजे," विहीणबाईंनी भाविकला स्पीकरमागून ओढून काढलं. "अगदी असंच. मागं नणंदेच्या घरी एकानं शूटिंग केलंन, मेलं सगळं दिसत होतं!"

भाविक तरंगतच घरी आला. नारू तांडेल ओसरीवर बसले होते.

"पप्पा, पसंत पडला ना? गावाला पसंत पडला."

तांडेलांचा अभिमान सहजासहजी हार मानणारा नव्हता. "पसंत पडलं ते धुकं. आपला तह चांगल्या कामाचा होता. धुकं दाखवून लोक खूश केले, हे काय काम? सोमवारी तयार राहा."

भाविकला ते लागलं, कारण ते खरं होतं. "ठीक आहे. आता कसली घाई नाही. रात्रभर सावकाश लावून ठेवतो, खिडकी बंद करून. सकाळी लख्ख बघा, मग बोला."

तांडेल एकदम सरळ बसले. "लख्ख कशाला? झालं ना दाखवून?"

"तुम्हीच म्हणालात धुकं."

"मी म्हणालो, पण..." तांडेल म्हणाले. आणि ते चूळ भरायला उठून गेले.

सकाळी पट्टी शंभरावर येऊन थांबली होती. भाविकने चहाचा कप बाजूला ठेवला आणि आधी हळदच उघडली. काय सुंदर चित्र होतं! पोपटी साड्यांचे काठ, काठातला दोरा, कपाळावरची हळद, सगळं हाताने उचलून घ्यावं असं. विहीणबाई एका कोपऱ्यात खुर्चीवर बसून पायाला बाम लावत होत्या. जमुनाकाकी वडे तळणाऱ्यावर ओरडत होती. मावशी वडे खात होती. आणि मधोमध ती नाचणारी. डोक्यावरून पदर, डोळ्यांवर चष्मा, गिरकीवर गिरकी. एका गिरकीत पदर घसरला, क्षणभरच, आणि चष्म्याखाली एक भरघोस, पीळदार मिशी लख्ख दिसली.

ती मिशी भाविक जन्मापासून ओळखत होता.

त्याला आधी हसू फुटलं. पोट धरून हसला. मग त्याने ते पुन्हा लावलं, आणि हसता हसता थांबला. जाळं ओढताना सोडलं तर वडिलांची कंबर वाकलेली त्याने कधी पाहिली नव्हती. हा माणूस किती आनंदात होता! त्याला वडिलांचा असा काही लोभ वाटला की डोळ्यांत पाणीच आलं.

"कोणी बघितलं?" मागून आवाज आला. नारू तांडेल दारात उभे होते.

"मीच फक्त."

"जमुनानं नाय?"

"अजून नाही."

"तिला दावू नको. मासळीबरोबर माझे पण वाटे लावील ती डहाणूच्या बाजारात." तांडेल खाटेच्या कडेला बसले. "खलाशी पोरांनी शर्यत लावली होती. म्हणाले, तांडेल, तुम्हाला साडी नेसून नाचाया नाय जमायचं."

"पप्पा, हे शर्यतीचं नाचणं नाही. हे तुम्हाला येतं."

"लग्नाआधी हळदीला मीच पुढे असायचो," ते म्हणाले. "मग बोट हातात आली. माझा बा म्हणायचा, तांडेल नाचला की खलाशी हुकूम ऐकत नायत."

"आणि उद्याचं? सोमवारचं?"

"सोमवारी काय?"

"बोट."

"तुला नेऊन काय करू? ओकत बसशील. बोट धुवायला आणखी एक माणूस लागेल." मग ते जरा हळू म्हणाले, "काम चांगलं केलंस. माणूस अगदी जित्ता दिसतो." आणि लगेच नेहमीच्या आवाजात, "आता पुसून टाक ते सगळं!"

भाविकने बोट कळेवर नेलं.

"थांब!" तांडेल उठून जवळ आले. "तो नाचाचा तुकडा तेवढा राहू दे. माझ्या मोबाईलमध्ये घाल. बोटीवर एकटाच बघीन."

"घालतो. पण तुमच्या मोबाईलमध्ये जागा नाही, पप्पा. मासळीच्या फोटोंनी भरलाय. लहान करून देऊ? आत्ता दोन मिनिटांत होईल."

"लहान नको. मासळी काढ."

"सगळी?"

"सगळी. नि क्वालिटी ती घाल, जी तू पयल्यांदा घातली होतीस. सगळ्यात वरची."

"त्याला वेळ लागेल, पप्पा. एवढ्या तुकड्यालाच दोन तास लागतील."

नारू तांडेलांनी खिडकी लावून घेतली, खुर्ची ओढली आणि पट्टीसमोर नीट मांडी घालून बसले.

"लागू दे," ते म्हणाले.